कंसातलं कलम

मंगळवारी दुपारी पावणेचारला न्यायालयाच्या ग्रंथालयात आवृत्तीबाई खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. समोरच्या टेबलावर जुने निवाडे चाळत बसलेल्या दोन वकिलांना वाटलं, बाईंची कंबर धरली असणार. कंबर कसली धरतेय. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली होती, आणि ती सरकवणारं माणूस दुसरं तिसरं कुणी नव्हतं, त्या स्वतःच होत्या. पण हे असं मधूनच सांगून भागायचं नाही. आधी बाई कोण ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, संगणकावर एक कंस दिसला म्हणून कुणी एवढं घाबरतं का.

आवृत्तीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाईंनी या ग्रंथालयात तीस वर्षं काढली आणि तीस वर्षांत त्यांच्यासमोर कुणी पुस्तक, कागद, बातमी, काहीही आणून ठेवलं की पहिला प्रश्न एकच, "आवृत्ती कुठली?" नवा वकील तावातावाने एखादं कलम वाचून दाखवायला लागला की बाई त्याला पुरतं वाचू द्यायच्या, मग चष्म्यावरून बघत शांतपणे विचारायच्या, आवृत्ती कुठली. तो मुखपृष्ठ उलटून बघायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. घरीही तीच तऱ्हा. नवरा रक्तपेढीत तपासनीस, बोलायला मोकळा माणूस. तो जेवताना काही बातमी सांगायला लागला की बाई म्हणायच्या, सकाळची की संध्याकाळची? सासूबाई तर शेजारणीला सांगायच्या, "हिला मी भांडणसुद्धा सांगत नाही बाई. कोण आधी बोललं, कोण नंतर बोललं, तारीखवार विचारते."

पंधरा वर्षांपूर्वी बाईंच्या गळ्यात परदेशी कायद्यांचं काम पडलं. त्याआधी परदेशी कायदे म्हणजे मागच्या खोलीतलं एक कपाट होतं. त्यातले निम्मे देश आता नकाशावरही नव्हते. मग इंटरनेट आलं, आणि तेव्हाचे प्रबंधक म्हणाले, बाई, कुठल्या देशाची घटना कुठे मिळते, कायदे कुठे मिळतात, याचं एक पान करा, म्हणजे आपली सगळी माणसं तिथूनच शोधतील. प्रबंधकांना वाटलं, आठवड्याचं काम आहे. बाई पंधरा वर्षं ते पान करत होत्या.

लोकांना वाटतं इंटरनेटवर सगळं असतं. असतं हो, पण कधीचं असतं? एका देशात सरकार पालटलं की सरकारी संकेतस्थळ रातोरात गायब. दुसऱ्या देशाची घटना छान सजवून ठेवलेली, आणि तिच्यातल्या नऊ दुरुस्त्या भलत्याच कोपऱ्यात, जिथे कुणाचा पाय पडत नाही. तिसऱ्याचं भाषांतर सुरेख, पण खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, की मूळ प्रत हीच खरी, भाषांतरावर विसंबू नये. चौथं संकेतस्थळ विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी जीव ओतून चालवलेलं, आणि प्राध्यापक निवृत्त झाले त्या दिवशी त्या देशाचा कायदाही थांबलेला. बाई दर सोमवारी सकाळी आपल्या पानावरचे दुवे एकेक करून उघडून बघायच्या. न उघडणारा दुवा दिसला की "गेला बिचारा" म्हणायच्या आणि दुसरा शोधायला लागायच्या. प्रत्येक देशापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असायच्या: मूळ पाहिलं की नाही, भाषांतर अधिकृत आहे की नाही, शेवटचं कधी तपासलं.

कायद्याचे विद्यार्थी वर्षातून दोनदा त्यांच्याकडे शिकायला यायचे. त्यांना बाई सांगायच्या, "एका ठिकाणी सापडलं तर ती अफवा समजा. दोन ठिकाणी सापडलं तर चौकशी करा. तीन ठिकाणी सापडलं तर लिहा." पोरं हे वहीत उतरवून घ्यायची. वाक्य चांगलंच आहे. आजही कुणी ऐकलं तर मान डोलावेल.

या सगळ्या पानात बाईंचं लाडकं अपत्य एकच होतं, ते म्हणजे समुद्रातल्या छोट्या छोट्या बेटांचा एक देश. अकरा वर्षांपूर्वी त्या देशाचा कौटुंबिक कायदा जगात कुणाकडेच नव्हता. नामांकित विद्यापीठांच्या पानांवर त्या देशापुढे नुसती रेघ मारलेली असायची. बाईंना त्या देशाच्या दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर, तळाशी कुठेतरी, राजपत्राची चाळीस पानं सापडली. वाकडीतिकडी छायाचित्रं, एका पानावर तर काढणाऱ्याचा अंगठासुद्धा आलेला. भाषा बाईंना येत नव्हती. त्यांनी शब्दकोश मागवला, व्याकरण मागवलं आणि सहा महिने डोळ्यांत तेल घालून त्या चाळीस पानांचा अर्थ लावला. एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या कलमाच्या मध्ये एक कलम होतं, त्याला क्रमांकच नव्हता. बाप वारल्यास अल्पवयीन मुलाचं पालकत्व बापाच्या थोरल्या भावाकडे जाईल, असं ते कलम. क्रमांकाशिवाय हवाला कसा द्यायचा? म्हणून बाईंनी त्याला स्वतःच क्रमांक दिला आणि तो चौकोनी कंसात घातला: [३१-क]. चौकोनी कंसाचा अर्थ त्यांच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो. मुळात हे नाही, हे माझं आहे, एवढाच.

पान प्रसिद्ध झालं आणि कुठकुठल्या ग्रंथालयांतून आभाराची पत्रं आली. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे हे माहीत असलेली जगात तू एकटीच का?" बाई नाही नाही म्हणाल्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पन्नाशीला टेकलेल्या बाईला असं लाजताना बघून सासूबाईंनासुद्धा हसू आलं.

आता खटल्याकडे येऊ. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात काम करणारी एक परिचारिका होती. तिचा नवरा त्या बेटांवरचा, जहाजावर यंत्रं बघणारा. लग्न तिकडेच झालं, सहा वर्षं ती तिकडे राहिली, मुलगी तिकडेच झाली, म्हणून मुलगी कागदोपत्री त्या देशाची. मग ते इकडे आले आणि दोन वर्षांपूर्वी नवरा आजारात गेला. मुलगी आता नऊ वर्षांची. आणि अचानक तिच्या थोरल्या दिराने न्यायालयात अर्ज केला, की आमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे मुलीचा पालक मी, ती माझ्या स्वाधीन करा. मूल ज्या देशाचं, त्या देशाचा कायदा लावायचा, असा इथला नियम. म्हणून न्यायाधीशांनी ग्रंथालयाकडे टिपण मागितलं: त्या देशाचा कायदा नेमका काय म्हणतो ते लिहून द्या.

असं टिपण आवृत्तीबाईंशिवाय कोण लिहिणार? पण बाई आपल्याच पानावर विसंबणाऱ्यातल्या नव्हत्या. अकरा वर्षं झाली, कायदा बदलला असेल म्हणून त्यांनी शोधलं. एका विद्यापीठाच्या मार्गदर्शिकेत तेच कलम मिळालं. जगभरच्या घटना आणि कायदे एकत्र ठेवणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या अहवालात तेच. बालहक्कांवर काम करणाऱ्या एका संघटनेच्या देशवार तक्त्यातही तेच. तीन ठिकाणं झाली. बाईंनी टिपण लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

सोमवारी परिचारिका स्वतः ग्रंथालयात आली. बरोबर तिची वकीलबाई आणि मुलगी. मुलगी शाळेच्या गणवेशातच होती, ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ खोडायला लागली. इतकं घासून खोडत होती की कागद फाटला.

"बाई, एक विचारू?" परिचारिका म्हणाली. "मी तिकडे सहा वर्षं राहिलेय. माझ्या चुलत जावेचा नवरा वारला, तिची दोन्ही मुलं तिच्याजवळच राहिली. कुणी मागायला आलं नाही. मग हे कलम कुठून आलं?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मनापासून ठेवला हो, त्यात खोट नव्हती. म्हणाल्या, "पोरी, लोक वागतात एक आणि कायदा असतो एक. मलाही वाईट वाटतंय. पण मी तीन ठिकाणी तपासलंय."

 परिचारिकेने मुलीचा फाटलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दोघी निघून गेल्या. सुनावणी गुरुवारी होती. वकीलबाई जाता जाता एवढंच म्हणाली, की या टिपणानंतर आमच्या हातात फारसं काही उरलेलं नाही.

ते "कुठून आलं" बाईंच्या डोक्यातून जाईना. मंगळवारी दुपारी काम संपल्यावर त्यांनी विद्यापीठाची ती मार्गदर्शिका पुन्हा उघडली, उगाच, मनाच्या समाधानासाठी. कलम वाचलं. आणि पहिल्यांदाच त्यांना मजकुराच्या आधी क्रमांक दिसला: [३१-क]. चौकोनी कंसासकट.

त्या बघतच राहिल्या. हा कंस इथे काय करतोय? कलमाला क्रमांक नव्हताच, तो तर आपण घातला होता. त्यांनी संस्थेचा अहवाल उघडला. [३१-क]. संघटनेचा तक्ता उघडला. तिथे कंस गळला होता, नुसतं ३१-क उरलं होतं, म्हणजे आता ते अस्सल कलमच दिसत होतं. बाईंनी तळटिपा बघितल्या. संघटनेने अहवालाचा हवाला दिला होता, अहवालाने विद्यापीठाचा, आणि विद्यापीठाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की ही माहिती अमुक न्यायालयाच्या ग्रंथालयाच्या पानावरून घेतली आहे. पत्ता दिला होता. बाईंनी त्यावर टिचकी मारली आणि समोर त्यांचंच पान उघडलं.

तेव्हा त्या उठल्या आणि बसल्या, उठल्या आणि बसल्या. तीन साक्षीदार आहेत म्हणून मान ताठ करून सही केली होती, आणि तिन्ही साक्षीदार आपणच निघालो होतो.

अजूनही एक आशा होती. सगळ्यांनी आपल्यावरून उतरवलं असलं म्हणून काय झालं, आपण तर मूळ पाहून लिहिलंय. बाईंनी मागच्या खोलीतून त्या चाळीस पानांची छापील प्रत काढली. धूळ पुसली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पृष्ठांक होता २. अकरा वर्षांत तो आकडा त्यांना दिसला नव्हता. दिसला असेल, पण तो खटकला नव्हता. पान एक कुठे होतं? मुखपृष्ठ कुठे होतं? ज्या बाईने तीस वर्षं अख्ख्या वकिलांच्या जमातीला आवृत्ती विचारून हैराण केलं, तिने इथे आवृत्ती विचारलीच नव्हती. का, तर जगात दुसरी प्रतच नव्हती. एकुलती एक गोष्ट खरीच असणार, असं धरून चाललेल्या.

त्यांनी तिथल्या तिथे त्या देशाच्या दप्तरखान्याला ईमेलने पत्र लिहिलं, की या राजपत्राचं पहिलं पान आणि नंतर काही मंजूर झालं असेल तर ते तातडीने पाठवा, एका मुलाचा प्रश्न आहे.

संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने बशी खाली ठेवली. म्हणाला, "आमच्याकडे नवी माणसं अशी चूक करतात. एकाच माणसाचं रक्त तीन नळ्यांत घ्यायचं, तीनदा तपासायचं आणि सांगायचं, तिन्ही जुळले. जुळणारच की." मग बायकोचा चेहरा बघून त्याला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं. बाईंना त्याचा रागही आला नाही. खरंच बोलत होता तो.

बुधवारी सकाळी उत्तर आलं. दप्तरखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने स्वतः शोधून पाठवलं होतं, उशीर झाल्याबद्दल माफीही मागितली होती. भला माणूस. पहिल्या पानावर राजमुद्रेखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मसुदा, जनतेच्या सूचना आणि हरकतींसाठी. पुढे एक ओळ होती, की क्रमांक नसलेला मजकूर हा काही सदस्यांनी सुचवलेला असून तो समितीने स्वीकारलेला नाही. सोबत मंजूर झालेला कायदा होता, सही शिक्क्याची प्रत. बाईंनी बोट ठेवून कलमं मोजली. तीस, एकतीस, बत्तीस. मध्ये काही नव्हतं. एकतिसाव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं, की बाप वारल्यास मुलाची पालक आई.

म्हणजे हा कायदा कधी झालाच नव्हता. चारदोन सदस्यांनी सुचवला, समितीने केराच्या टोपलीत टाकला आणि बाईंनी त्याला टोपलीतून उचलून, धुऊन पुसून, क्रमांक देऊन जगासमोर उभा केला. आज दुसऱ्याच देशात एक आई त्याच्यामुळे मुलगी गमावणार होती.  त्या पाणी प्यायला गेल्या आणि पेला न भरताच परत आल्या.

आधी त्यांनी आपल्या पानावरून ते कलम काढलं आणि त्या जागी लाल अक्षरात चूक कबूल केली. मग त्या तिघांना कळवलं. विद्यापीठाने आभार मानले आणि पुढच्या तिमाहीत बदल करू म्हणून कळवलं. संघटनेकडून आपोआप जाणारं उत्तर आलं. संस्थेचं उत्तर मात्र बाईंनी तीनदा वाचलं. त्यांनी लिहिलं होतं, की हे कलम आमच्याकडे इतर दोन साधनांनी पुष्ट झालेलं आहे, तरी आपल्या म्हणण्याला आधार असल्यास पाठवावा. बाईंना हसावं की रडावं कळेना.

मग त्या आताच्या प्रबंधकांकडे गेल्या. प्रबंधक वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला शांतता फार प्रिय होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाई, तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. टिपणात 'उपलब्ध साधनांनुसार' असं लिहिलंय ना आपण? मग झालं. साधनं चुकली, आपण नाही. एक पुरवणी टिपण पाठवू, कार्यालयातून रीतसर जाईल."

"रीतसर म्हणजे कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि सुनावणी उद्या आहे," बाई म्हणाल्या. "मुलगी काय पुरवणीत परत येणार आहे का?"

प्रबंधकाने खिडकीबाहेर बघितलं. बाई निघाल्या, तेव्हा तो मागून म्हणाला, की उद्या तुम्ही न्यायाधीशांसमोर गेलात तर ग्रंथालयाची अब्रू जाईल एवढं लक्षात घ्या. बाई दारात थांबल्या. तीस वर्षांत त्यांनी वरिष्ठांना उलटून उत्तर दिलं नव्हतं. आज म्हणाल्या, "गेलीच आहे साहेब. फक्त अजून कुणाला कळलेलं नाही."

गुरुवारी न्यायकक्षात बाई पहिल्यांदाच साक्षीदाराच्या जागी उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या फक्त पुस्तकं घेऊन मागच्या दाराने यायच्या. परिचारिका पहिल्या बाकावर होती, मुलगी तिला चिकटून.

"या टिपणावर सही तुमची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझी, साहेब."

"आणि आज तुम्ही म्हणताय ते चुकीचं आहे."

"हो साहेब. ते कलम अस्तित्वातच नाही."

"तुम्ही तीन साधनांचा हवाला दिलाय."

"तिन्ही मीच आहे, साहेब."

मागे कुणीतरी फसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. बाईंनी पान एक दाखवलं, मंजूर कायदा दाखवला, कंस कसा फिरत गेला ते सांगितलं.  परिचारिका तोंडावर हात ठेवून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

मग दिराचे वकील उठले. गोड आवाजाचे गृहस्थ. म्हणाले, "बाईंच्या मनाचा मोठेपणा मान्य आहे. पण त्या देशाचा कायदा काय, हे त्या देशाच्या न्यायालयाला जास्त कळतं, की आपल्या ग्रंथालयाला?" आणि त्यांनी चार कागद पुढे केले. त्या बेटांवरच्याच एका न्यायालयाचा निकाल होता, चौदा महिन्यांपूर्वीचा. शिवणकाम करणारी एक विधवा, तिचा आठ वर्षांचा मुलगा. कलम ३१-क अन्वये मुलगा बापाच्या थोरल्या भावाच्या ताब्यात द्यावा, असा हुकूम. हुकमाची अंमलबजावणी झाली, अशी नोंदही खाली होती.

 परिचारिकेने मुलीचा हात इतका आवळला की मुलगी म्हणाली, "आई, दुखतंय." त्या शांत खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाई, आता काय म्हणता?" न्यायाधीश म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला. कागद हातात आले तेव्हा त्यांनी ते कठड्यावर पसरले. मूळ भाषेतला निकाल होता, ती भाषा त्यांना वाचता येत होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की वादळात न्यायालयाची कायद्याची पुस्तकं भिजून गेल्यामुळे मूळ प्रत उपलब्ध नाही, सबब विश्वासार्ह परदेशी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून कलम घेतलं आहे. खाली तळटीप होती. बाईंनी ती मोठ्याने वाचली. एकेक अक्षर वाचलं. तोच पत्ता खाली ग्रंथालयाच्या दारावरच्या पाटीवर रंगवलेला होता, आणि न्यायाधीश रोज त्या दारावरून जात होते.

 ज्या देशाचा कायदा बाईंनी चुकीचा लिहिला, त्या देशानेच तो बाईंकडून वाचून घेतला होता.

न्यायाधीशांनी अर्धा तास घेतला आणि निकाल दिला. तिकडचा तो निकाल खालच्या न्यायालयाचा आहे, तो आमच्यावर बंधनकारक नाही, आणि ज्या कलमावर तो उभा आहे ते कलमच नाही. मंजूर कायद्याप्रमाणे पालक आई. अर्ज फेटाळला. मुलगी घरी जाऊ शकते.

बाहेरच्या व्हरांड्यात परिचारिकेने बाईंचे दोन्ही हात धरले. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले," बाई म्हणाल्या. "विष दिलं तेही मी आणि उतारा दिला तोही मी."

परिचारिकेने डोळे पुसले. मुलीला जवळ ओढलं. मग एकदम तिचा चेहरा बदलला आणि तिने विचारलं, "त्या शिवणकामवालीला कुणी सांगितलं का?"

बाकीचे सगळे विसरले होते. बाई विसरल्या नव्हत्या, पण ते तोंडाने काढायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं. "मी सांगेन," त्या म्हणाल्या.

दप्तरखान्यातल्या त्या म्हाताऱ्या कारकुनाने दोन दिवसांत तिला शोधून काढलं. बेटं लहान असतात, माणूस सापडतं. त्याने तिच्यासाठी वकीलही बघून ठेवला होता, निकाल फिरवून घेण्याचा अर्जही लिहून घेतला होता. शनिवारी सकाळी त्याने तिला दप्तरखान्यात आणून संगणकासमोर बसवलं आणि स्वतः दुभाषा म्हणून शेजारी बसला. इकडे ग्रंथालयात बाई एकट्याच होत्या. पडद्यावर एक बारीक अंगाची बाई दिसली. गळ्यात मापाची फीत होती, काम टाकून आलेली. ती नीट बसली, शाळेतल्या मुलीसारखे हात मांडीवर ठेवले.

बाईंनी सगळं सांगितलं. पाठ केलं होतं, तरी मध्ये अडखळल्या. तो कायदा कधी नव्हताच. चूक माझी. तुमचा मुलगा तुमचाच आहे, पालक तुम्हीच होता आणि आहात. अर्ज तयार आहे, मुलगा परत मिळेल असं वकील म्हणतात. कारकून आजोबांनी हळूहळू, एकेक वाक्य करून तिला समजावलं. ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. बाईंना वाटत होतं, हिने शिव्या द्याव्यात, काहीतरी बोलावं. तिने फक्त एक प्रश्न विचारला आणि आजोबांनी तो इकडे सांगितला: "कायद्याच्या पुस्तकात हे नव्हतंच?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

 मग ती बोलायला लागली, सावकाश. आजोबा सुरुवातीला तिच्या पाठोपाठ सांगत होते.

"पोलीस नव्हते आले. थोरले दीर आले, हातात कागद होता. मला वाचता येतं. मी दोनदा वाचला. त्यात कलम लिहिलेलं होतं, म्हणून मी भांडले नाही. मी त्याचे कपडे काढले, पिशवी भरली. तो पलंगाखाली जाऊन बसला होता."

इथे आजोबा थांबले. ती पुढे बोलत होती, पण त्यांच्याकडून ते इकडे सांगवेना. बाईंनी ती भाषा चाळीस पानांवरून शिकलेली होती, कायद्याचे शब्द तेवढे त्यांना यायचे. पण हे वाक्य साधं होतं, ते त्यांना कळलं.

"मीच त्याला पायाला धरून बाहेर ओढला."